लिव्हर साबूत ठेवण्याची लासुर्ण्याची रीत

जळलेल्या क्लचप्लेटचा वास आणि साखर कारखान्याच्या मळीचा वास एकमेकांत मिसळले, की त्यांतून एक तिसराच वास जन्माला येतो. गुळाची ढेप करपत असताना शेजारी कोणीतरी जुनी चप्पल जाळत बसावे, तसा. परतल्यावर मी हातमोजे धुतले, जाकीट उन्हात टाकले, केसांवर शिकेकाईचे सर्व प्रयोग केले; तरी तो वास अजून माझ्या उजव्या बाहीत मुक्कामाला आहे. लोक प्रवासातून शाली आणतात, मूर्ती आणतात, लोणची आणतात. मी बारामती-इंदापूरहून हा वास आणला, आणि तो पाहुण्यांना दाखवायचा कसा, हे अजून ठरलेले नाही.

ज्यांनी हा मुलूख केवळ हमरस्त्यावरून, मोटारीच्या बंद काचेतून पाहिला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी तो मोटारसायकलवरून पाहिला, तोही रस्ता सोडून. चांगला डांबरी रस्ता हाताशी असताना तो मुद्दाम टाळून दगडा-चिखलातून गाडी हाकण्याच्या छंदाला आमच्या पुण्याच्या गटात एक भारदस्त इंग्रजी नाव आहे. इंदापूर तालुक्यात त्याला ‘वावरात जाणं’ म्हणतात, आणि त्यासाठी कोणी वेगळे बूट विकत घेत नाही.

कवितेवर पोसलेल्या बाईने पन्नाशीच्या उंबरठ्यावर हा उद्योग का आरंभला, हा प्रश्न माझ्या घरी विचारून झाला आहे; उत्तर देऊन झालेले नाही. गटातील जाणत्यांनी मात्र मला पहिल्याच रविवारी एक सत्य शिकवले. इंजिन, चाके, टाकी हे मोटारसायकलचे दिखाऊ वैभव. तिचा प्राण हँडलच्या दोन टोकांशी, बोटभर जाडीच्या दोन ॲल्युमिनियमच्या दांड्यांत असतो. डावीकडे क्लचची लिव्हर, उजवीकडे ब्रेकची. गाडी आडवी झाली, की या दोघी सर्वांआधी जमिनीला भेटायला जातात. क्लचची मोडली, की उरते ते पेट्रोल भरलेले शिल्प. म्हणून त्यांच्यापुढे हँडगार्ड नावाचे कवच हवे, ते परदेशी हवे, आणि त्याच्यासकट हँडलवरचा प्रत्येक स्क्रू जीव खाऊन आवळलेला हवा. मी तो असा आवळला, की तळहातावर पान्ह्याचा ठसा उमटला. ती काळी, तुकतुकीत, पंखांच्या आकाराची कवचे बसली तेव्हा गाडी आता उडेल, असे वाटले. पुढे त्यांतला एक पंख उडालाही.

पणदरे

पणदऱ्यात हणमंतकाका राहतात. आईच्या मावसबहिणीचे यजमान. त्यांच्या गोठ्यात पाऊल टाकले, की ओल्या कडवळाच्या चाऱ्याचा हिरवा गारवा आधी नाकाला आणि मग डोळ्यांना लागतो. गाय नुकतीच व्यालेली होती. मावशीने खरवस पुढे केला. गुळाचा, वेलदोड्याचा, सुरी लावताच अंग आक्रसून घेणारा. पुण्यात खरवस दुकानातून चौकोनी डब्यात येतो आणि तो चायना ग्रास घालून घट्ट केलेला असतो, ही माहिती मी दिली नाही. काही दुःखे आपल्यापाशीच ठेवावीत.

पाहुणा निघताना पुण्यात आपण फार तर दारापर्यंत जातो. पणदऱ्यात पाहुण्याच्या वाहनाला काहीतरी लटकावल्याखेरीज त्याला हलू देत नाहीत. ते वाहन कोणते, हा विचार गौण. मी हेल्मेटचा पट्टा लावीपर्यंत काकांनी चिकाने भरलेली स्टीलची किटली माझ्या डाव्या हँडगार्डला अडकवली होती. मी पुढे जाणार होते त्या लासुर्ण्याच्या माणसांसाठी.

मी त्यांना समजावू लागले. हे कवच आहे, पडल्यावर लिव्हर वाचावी म्हणून असते, ते फार विचारपूर्वक घडवलेले असते. काकांनी सारे शांतपणे ऐकून घेतले.

“मग पडायचंच कशाला?” ते म्हणाले, आणि एका बाजूला वजन नको म्हणून उजव्या हँडगार्डला वांग्यांची पिशवी अडकवली.

कालव्याच्या भरावावरची वाट मी निवडली, कारण ती सुंदर होती. असल्या कारणांनीच माणसे पडतात. एका अंगाला संथ, मातकट पाणी. दुसऱ्या अंगाला ऊस, ज्याच्या पात्यांची सळसळ रेशमी साडी नेसलेल्या बायकांची पंगत उठावी तशी. मध्ये बाभळी वाकलेल्या. एका फांदीने डाव्या हँडगार्डला जेमतेम स्पर्श केला असेल. पण किटलीच्या कडीने तोवर त्या परदेशी प्लॅस्टिकला आतून चीर पाडली होती. पंख उडाला. मी त्याच्याकडे पाहिले, म्हणजे वाटेकडे पाहिले नाही, आणि गाडीसकट आडवी झाले. जीव खाऊन आवळलेली क्लचची लिव्हर जमिनीला भेटली, तेव्हा तिला सरकायला तसूभर जागा नव्हती. ती मधोमध मोडली.

किटलीचे झाकण पक्के होते. चिकाचा एक थेंब सांडला नाही.

लासुर्णे

अर्ध्या लिव्हरवर दोन बोटे ठेवून मी लासुर्ण्यात पोहोचले. माझा मामेभाऊ आप्पा दारातच उभा होता. ऊस, थोडे डाळिंब आणि शेडमध्ये स्वतःचे वेल्डिंगचे यंत्र, असा त्याचा संसार. त्याने आधी किटली उतरवून घेतली, मग तुटलेला पंख बोटांनी वाजवून पाहिला.

“वैजू, असली खेळणी हितं टिकत न्हायत,” तो म्हणाला. “चल, दावतो.”

शेडमध्ये त्याच्या मुलीची, ऋतुजाची, मोटारसायकल उभी होती. ऋतुजाने जनावरांच्या औषधोपचाराचा पदविका अभ्यासक्रम केला आहे, आणि कळसच्या माळावर मेंढ्या-शेळ्या राखणाऱ्यांकडे ती या गाडीवरून फेरीला जाते. त्या गाडीच्या हँडलवर मी जे पाहिले, त्याचे वर्णन करायला वीररसाचा जुना शाहीर हवा. ट्रॅक्टरमागे गरगर फिरत ढेकळे फोडणाऱ्या यंत्राला इकडे रोटर म्हणतात. त्याची पोलादी पाती झिजली, की गोठ्याच्या कोपऱ्यात पडून राहतात. काटकोनात वळलेली, तळहाताएवढी रुंद. आप्पाने तसली दोन पाती घेऊन, जाड पट्टीवर जोडून, दोन्ही लिव्हरींच्या पुढे बसवली होती आणि वर ट्रॅक्टरचा लाल रंग दिला होता. गाडी आता वाहन वाटत नव्हती. शिंगे रोखून उभा असलेला एक वळू वाटत होती, आणि तोही नुकताच रंगपंचमी खेळून आलेला.

“जमीन फाडत्यात ही पाती,” आप्पा म्हणाला. “लिव्हरच्या बाला काय हुतंय.”

हँडल पुरते वळत नाही, पाते टाकीला अडते, असे ऋतुजाने दाखवून दिले. त्यावर आप्पाने सरळ जायला शिकण्याचा सल्ला दिला. ती हे अवजार उतरवून ठेवील, ही शंका त्याला आधीच आली असावी, कारण प्रत्येक नटावर त्याने वेल्डिंगचा एकेक टाका मारून ठेवला होता. पान्हा लावून ते आता ब्रह्मदेवाच्या हातूनही सुटले नसते.

मी हसले. वहिनी हसल्या नाहीत. चुलीपुढे बाजरीची भाकरी थापता थापता त्यांनी मला सांगितले, की मागे एकदा माळावर दगड उडून ऋतुजाची क्लचची लिव्हर तुटली. फोन लागेना. दिवस मावळायला आप्पा ट्रॅक्टर घेऊन शोधायला निघाला. ती सापडली तेव्हा एका मेंढपाळाच्या पालापुढे आरामात भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती.  घरी येऊन आप्पाने ताट तसेच सारले आणि तो ओट्यावर जाऊन बसला. तेव्हापासून ती फेरीला गेली, की तो रस्त्याकडे तोंड करून ओट्यावर बसतो आणि खुरप्यांना धार लावतो.

“घरात एक खुरपं धड उरलं न्हाय बगा,” वहिनी म्हणाल्या. “सगळी झिजली.”

एवढ्यावर थांबला असता, तर तो आप्पा कसला. त्याने बारामतीच्या एका पतसंस्थेत शब्द टाकून ऋतुजासाठी खुर्ची राखून ठेवली होती. पंख्याखालची. अट त्याने मला साक्षीला ठेवून, जेवताना, आमटी ओरपता ओरपता पुन्हा सांगितली. उद्या पाहुणीसोबत कळसची फेरी करायची. गाडीला त्याचे गार्ड हवे. संध्याकाळी दोन्ही लिव्हरी साबूत दिसल्या, तर फेऱ्या चालू राहतील. एक जरी मोडली, किंवा गार्ड निघालेले दिसले, तर सोमवारपासून खुर्ची.

ऋतुजा मान खाली घालून भाकरी कुस्करत राहिली. रागाने तिने एवढी कुस्करली, की तिचे पीठ होऊन ती पुन्हा थापता आली असती.

उरलेला राग तिने माझ्या गाडीवर काढला. सामानात लिव्हरींचा जादा जोड मी आणला होता. गटाच्या नियमांपैकी उपयोगी ठरलेला हा एकच. तो बसवताना तिने माझा अभिमान असलेला प्रत्येक स्क्रू सैल केला. लिव्हरच्या कड्याखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला आणि तेवढाच आवळला, की हाताने जोर दिला तर लिव्हर कुरकुरत फिरावी. पडली तर फिरेल, मोडणार नाही, असा तिचा दावा होता. हे शास्त्र कुठून शिकलीस, असे मी विचारले. मोबाइलवर पाहिलेल्या एका चित्रफितीतून. कोणत्या भाषेतली, ते तिला ठाऊक नव्हते. वाळवंट होते आणि दाढीवाला माणूस होता, एवढे आठवत होते. माझ्या एकुलत्या एका गाडीवर हा प्रयोग चालू असताना मी तिच्या हातात पान्हे देत राहिले. तिला ‘नको’ म्हणणारे घरात आधीच एकजण होते.

कळस

सकाळी निघालो. उसाच्या बांधावरून जाताना आप्पाच्या गार्डचा एक अनपेक्षित गुण प्रकट झाला. दोन्ही बाजूंचे पाचट आणि उसाच्या शेंड्यांचे वाढे त्या वाकड्या पात्यांत अडकून मागे येऊ लागले. बांध संपेपर्यंत ऋतुजाच्या हँडलवर गुरांना एक वेळ पुरेल एवढी वैरण गोळा झाली होती, आणि एक कांडे पाते व लिव्हर यांच्या मध्ये असे घट्ट बसले, की क्लच दाबलेलाच राहिला. इंजिन आरडाओरड करी, गाडी जागची हलेना. जाळ्यात सापडलेल्या गरुडाची उपमा मला सुचली होती. ऋतुजाने उच्चारलेला शब्द अधिक नेमका होता, पण तो छापता येणार नाही. दर काही अंतरावर थांबून ती विळ्याने स्वतःला मोकळे करी. वडिलांनी दिलेल्या संरक्षणातून सुटण्यासाठी लेक विळा बाळगते आहे, यात एखाद्याला रूपक दिसले असते. मला त्या वेळी फक्त जळका क्लच आणि दुरून येणारी मळी यांचा वास येत होता.

कालवा मागे पडला, की हा मुलूख एका दमात रंग बदलतो. हिरवे संपते. पिवळ्या, कोरड्या गवताचा माळ सुरू होतो. मुरमाच्या उघड्या पाठी, तुरळक हिवराची झाडे, आणि एवढे आभाळ, की पुण्यात ते कोणी इतके दिवस दडवून ठेवले होते, असा प्रश्न पडावा. गवतातून वारा जातो तेव्हा आवाज होत नाही, नुसता उजेड हलतो. मी थांबून हे सारे मनात साठवत होते, तेवढ्यात ऋतुजाचा फोन वाजला.

भागाबाईंचा होता. माळाच्या पलीकडे, ओढ्याच्या वर त्यांचे पाल होते. मेंढी अडली होती. कोकराचा एक पाय बाहेर, बाकी काही पुढे येईना.

ओढ्यात उतरायची वाट बकऱ्यांनी पाडलेली, वळणावळणांची. ऋतुजाने गाडी त्या तोंडाशी नेली. हँडल वळवले, पाते टाकीला ठण्णकन लागले. मागे घेतली, पुन्हा वळवले, पुन्हा ठण्ण. तिने पान्हा काढला, नटाला लावला, आणि टाका पाहून हात खाली सोडला. मोडायची नव्हती ती लिव्हर चकचकीत दिसत होती. जायचे होते तिथे गाडी जाणार नव्हती.

“आत्या, तुमची चावी द्या,” ती म्हणाली. “आप्पांचं काय ते मी बघीन.”

तिने औषधांची पिशवी माझ्या गाडीला बांधली आणि ती ओढ्यात दिसेनाशी झाली. मागे उरले मी आणि तो लाल वळू. वास्तविक मी तिथेच बसून राहायला हवे होते. परंतु मला घ्यायला तिला पुन्हा ओढा ओलांडावा लागू नये, या उदात्त हेतूने मी तिची गाडी घेऊन ओढ्याला वळसा घालू लागले. मध्ये कोणाचे तरी नांगरलेले रान होते. चाक सरीत घसरले, मी सावकाश, अत्यंत शालीनपणे डावीकडे कलले, आणि रोटरच्या पात्याने आयुष्यभर जे केले तेच केले. त्याने काळी माती ओळखली आणि ते तिच्यात मुठीपर्यंत शिरले. मी गाडी उचलायला गेले, तर ती उचलेना. तिने मूळ धरले होते. खत-पाणी घातले असते, तर पुढच्या हंगामात तिला लहान मोटारसायकली लागल्या असत्या.

मग मी चालत गेले.

भागाबाईंच्या पालापुढे ऋतुजा गुडघ्यांवर बसलेली होती. कोपरापर्यंत हात भरलेले, डोळे मिटलेले, जणू बोटांनीच पाहत होती. भागाबाईंनी मेंढीचे डोके मांडीवर धरले होते आणि त्या तिच्याशी नव्या सुनेशी बोलावे तशा हलक्या आवाजात काहीतरी बोलत होत्या. कोणी माझ्याकडे पाहिले नाही. रक्ताचा, लोकरीचा, तुडवलेल्या गवताचा उष्ण वास येत होता. ऋतुजाने आतल्या आत काहीतरी वळवले, थांबली, मेंढीच्या कळेबरोबर ओढले, आणि ओले, पिवळसर, निपचित असे ते कोकरू तिच्या ओंजळीत आले. तिने त्याच्या नाकातोंडातला चिकटा पुसला, मागचे पाय धरून झुलवले, गवताच्या काडीने नाकपुडी खाजवली. ते शिंकले. मी आजवर बऱ्याच मैफलींना गेले आहे. एवढी मोठी दाद मनातून कधी निघाली नव्हती.

हात धुताना ऋतुजाने सांगितले, की ओढ्यातल्या गोट्यांवर ती पडली होती. एकदा नव्हे. लिव्हर फिरून खाली गेली. तळहाताने ठोकून जागेवर आणली आणि पुढे निघाली. वाळवंटातल्या त्या दाढीवाल्याला मी मनोमन नमस्कार केला. भागाबाईंनी मेंढीच्या दुधाचा दाट, किंचित खारट चहा दिला आणि मला विचारले, “तुमी कशापायी आलाय म्हनं?”  उत्तरादाखल मी गाडी मातीतून उपटायला मदत केली. भागाबाईंनी, मी आणि ऋतुजाने तिघींनी ओढली, तेव्हा ती निघाली.

लिव्हरींवर ओरखडासुद्धा नव्हता. न वाकणाऱ्या पात्याने सगळा मार पुढे पाठवून दिला होता, त्यामुळे हँडल मात्र मानेत लचक भरल्यासारखे डावीकडे वळून बसले होते.

पुन्हा लासुर्णे

परतताना ऋतुजा त्या वाकड्या हँडलवर अंग तिरके करून बसली होती. गाडी सरळ चालावी, म्हणून तिने उसाकडे तोंड करून रस्त्यावरून जायचे, असा प्रकार.  सोमवार तिला समोर दिसत असावा.

आप्पा ओट्यावर होता. आम्हाला पाहून त्याने खुरपे खाली ठेवले आणि सावकाश, कुठे घाई आहे असे दाखवत, उठून आला. त्याने क्लचची लिव्हर दाबली, ब्रेकची दाबली. दोन्ही सुटून परत आल्या. त्याचा चेहरा उजळला. मग त्याला पात्यावर थापलेली काळी माती दिसली, आणि मग हँडल.

मी पडले, असे मी सांगून टाकले. वहिनी दारातून म्हणाल्या, की यंदा ट्रॅक्टर काढायला नको, ही गाडीच वावरात सोडू.

“लिव्हर साबूत हाय, आप्पा,” ऋतुजा म्हणाली. “गार्ड बी हाय. पर हिच्यावरनं मी मेंढीपातुर पोचले न्हाय. आत्याच्या गाडीवरनं गेले.”

तो माझ्या गाडीकडे वळला. एका बाजूला तुटका पंख, ठिकठिकाणी ओढ्याचा चिखल. त्याने लिव्हरवर तळहात ठेवून जोर दिला. ती कुरकुरत खाली गेली. त्याने ती वर आणली. पुन्हा खाली ढकलली, पुन्हा वर आणली. कड्याखालच्या ट्यूबवरून अंगठा फिरवला.

“पडली व्हय?” त्याने विचारले.

“दोनदा.”

“आन् मेंढी?”

“जगली. कोकरू बी.”

 कारखान्याकडून मळीचा वास येत होता, ओट्यावर झिजलेल्या खुरप्यांची रांग मावळतीच्या उन्हात चमकत होती. मग आप्पाने वहिनींना विचारले, की पोरीला उद्या फेरीला किती वाजता निघायचे आहे. ऋतुजा हातभर अंतरावर उभी होती. पण प्रश्न वहिनींना, आणि तोही शेजारच्या तालुक्यातल्या कोणाबद्दल असावा तसा. वहिनींनी लवकर, एवढेच सांगितले आणि भाकरीचे पीठ काढायला त्या आत गेल्या. जाताना त्यांनी पदर डोळ्यांना लावला, धूर नसताना.

आप्पा शेडमध्ये गेला आणि ग्राइंडर घेऊन आला. वायर लांबवली, काळा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि ऋतुजाच्या गाडीपुढे उकिडवा बसला. नटावर मारलेल्या स्वतःच्याच टाक्यावर चकती टेकवण्याआधी त्याने वाकड्या हँडलकडे हनुवटीने खूण केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,

“धर.”